आधी जत्रा, मग बाग: पेनसिल्व्हेनियातल्या सफरचंदांच्या जत्रेला पहिल्यांदा जाताना

ऑक्टोबर जवळ आला की न्यू जर्सीतल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच विषय चालतात, गरब्याची तिकिटं आणि ॲपल पिकिंग. गरब्याचं सगळ्यांना सगळं माहीत असतं. सफरचंदांचं मात्र दरवर्षी कुणीतरी नवीन मंडळी तेच विचारतात: कधी जायचं, कुठे जायचं, उपासाचं काही मिळतं का, आणि इतकी सफरचंदं आणून करायचं काय? तीच उत्तरं दर वर्षी टाईप करण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते.

हे सगळं एका जत्रेबद्दल आहे: नॅशनल ॲपल हार्वेस्ट फेस्टिव्हल. पेनसिल्व्हेनियाच्या दक्षिण टोकाला ॲडम्स काउंटी आहे. तिथे अरेंट्सव्हिल नावाच्या छोट्याशा गावाजवळ, साउथ माउंटन फेअरग्राउंड्सवर ही जत्रा भरते. गेटिसबर्गपासून गाडीने वीसेक मिनिटं. या काउंटीत सफरचंद हेच मुख्य पीक. राज्यातली निम्म्याहून जास्त सफरचंदं इथेच पिकतात, आणि सुपरमार्केटात ॲपल सॉसच्या बाटलीवर दिसणारं मसलमन्स हे नावही इथल्याच बिगलरव्हिलचं.

पहिल्या वर्षी आम्ही सात जण तीन तास गाडी हाणून पोचलो, तेव्हा आमच्याकडे चार रिकाम्या पिशव्या, एक घडीची शिडी आणि दांडगा उत्साह होता. फाटकावर तिकीट घेणाऱ्या आजोबांना विचारलं, झाडं कुठल्या बाजूला? त्यांनी आधी शिडीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. झाडं म्हणाल तर काउंटीभर होती, पण जत्रेच्या मैदानात आपण तोडावीत अशी नव्हती. शिडी दिवसभर डिकीत पडून राहिली.

जत्रा वेगळी, बाग वेगळी

नवख्यांनी सगळ्यात आधी एवढं डोक्यात घ्यायचं. जत्रेत खाण्याचे स्टॉल, हस्तकलेची शेकडो दुकानं, गाणीबजावणी, जुनी वाफेची इंजिनं, मुलांचे खेळ आणि सफरचंदाचं जे जे काही होऊ शकतं ते सगळं असतं. झाडावरून स्वतःच्या हाताने तोडायची असतील तर जवळपासच्या ‘पिक-युअर-ओन’ बागेत वेगळं जावं लागतं. बिगलरव्हिलच्या आसपास अशा बागा आहेत, आणि जत्रेपासून त्या फार लांब नाहीत. एका दिवसात दोन्ही होतं. क्रम मात्र नीट लावा.

आमचं ठरलेलं आहे: आधी जत्रा, मग बाग. एक तर जत्रेची गर्दी अकरानंतर चढते. उघडतानाच आत शिरलात तर पार्किंग फाटकाजवळ मिळतं आणि खाण्याच्या रांगा छोट्या असतात. बागेत दुपारी दोनला गेलं तरी झाडं कुठे पळत नाहीत. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जत्रेत चार जातींची सफरचंदं खाऊन झाली की आपल्याला काय आवडतं ते कळतं, आणि मग बागेत नेमकं तेच तोडता येतं. आधी बागेत गेलेली माणसं लाल दिसेल ते पिशवीत भरतात आणि घरी आल्यावर एकमेकांना वाटत सुटतात.

बागेला आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी विचाराच: या आठवड्यात झाडावर कुठल्या जाती आहेत, आत शिरायची शेवटची वेळ काय, आणि मोठा गट असेल तर आधी नोंदणी करावी लागते का. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या वेळेच्या बराच आधी असतो, आणि नेमकी हीच गोष्ट वेबसाईटवर शोधायला कष्ट पडतात.

कुठला वीकेंड

जत्रा ऑक्टोबरच्या पहिल्या दोन पूर्ण वीकेंडना असते, शनिवार आणि रविवार. म्हणजे नवरात्र, दसरा आणि कोजागिरी यांच्या अगदी मधोमध. मंडळाचा भोंडला शनिवारी, गरबा शनिवारी रात्री, त्यामुळे आमच्यासारख्यांना रविवार सकाळ सोयीची पडते. ते एका अर्थी बरंच आहे, कारण शनिवारी गर्दी जास्त.

दोन वीकेंडपैकी पहिला की दुसरा? दुसरा बहुतेकदा कोलंबस डेच्या लाँग वीकेंडला येतो. तेव्हा गेटिसबर्गची हॉटेलं महिनाभर आधी भरतात. पण डोंगरावरच्या पानांना रंगही तेव्हाच जास्त चढलेला असतो. लहान मुलं बरोबर असतील तर पहिला वीकेंड घ्या. फोटोंसाठी जीव टाकणारी मित्रमंडळी असतील तर दुसरा.

आणि एक गैरसमज: सगळ्या जाती एकाच वेळी तयार होत नाहीत. आपल्याकडे हापूस संपत आला की नीलम येतो, तसंच. गाला ऑगस्ट-सप्टेंबरात, हनीक्रिस्प सप्टेंबरात, आणि जत्रेच्या सुमाराला गोल्डन डिलिशस, जोनागोल्ड, एम्पायर, स्टेमन यांचे दिवस. फुजी, ग्रॅनी स्मिथ त्याच्याही मागून, आणि पिंक लेडी तर नोव्हेंबरच्या तोंडाशी. “आम्हाला झाडावरून हनीक्रिस्पच तोडायची आहेत” असा हट्ट असेल तर ऑक्टोबरात हिरमोड होण्याची शक्यता मोठी. पेटीतली तोडलेली हनीक्रिस्प मात्र भरपूर मिळतात.

गाड्या आणि रस्ता

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बाजूने निघालात तर आय-७८ ने पश्चिमेला, मग आय-८१, हॅरिसबर्ग ओलांडून यूएस-१५ ने दक्षिणेला. वाटेत चहाला थांबलं नाही तर तीन तास. (मराठी माणसांच्या दोन गाड्या चहाला न थांबता तीन तास गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही, तेव्हा चार धरा.) वॉशिंग्टनच्या बाजूचे लोक फ्रेडरिकवरून यूएस-१५ ने उत्तरेला दीड-दोन तासांत पोचतात. यूएस-१५ सोडून हायडलर्सबर्गपाशी २३४ नंबरचा रस्ता धरला की तो बिगलरव्हिलमधून थेट अरेंट्सव्हिलला नेतो, आणि शेवटचे काही मैल दोन्ही हातांना बागाच बागा.

या बागा उतारावर का, हे गाडीतल्या कंटाळलेल्या मुलांना सांगण्यासारखं आहे. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून खाली वाहत जाते. वसंतात फुलोरा आलेला असताना रात्री हिमकडाका पडला तर खोलगट भागातली फुलं मरतात, उतारावरची बऱ्याचदा वाचतात. साउथ माउंटनच्या पायथ्याच्या या टेकड्या म्हणूनच सफरचंदाला मानवल्या.

रात्रीचा मुक्काम करणार असाल तर दुसरी सकाळ गेटिसबर्गच्या रणभूमीला द्या. १८६३ च्या जुलैत १ ते ३ तारखांना तिथे अमेरिकेच्या यादवी युद्धातली मोठी लढाई झाली आणि १९ नोव्हेंबरला लिंकननी ते छोटंसं भाषण केलं. २ तारखेची एक मोठी झुंज चक्क पीचच्या बागेत झाली होती. ती जागा आजही ‘पीच ऑर्चर्ड’ म्हणूनच ओळखली जाते.

गटात सहापेक्षा जास्त माणसं असतील तर एकाने तिकिटांचं आणि पार्किंगचं पाहावं, एकाने बागेचं, एकाने पैशांचा हिशेब. तिकिटाचे दर, वेळा आणि कुत्रा नेता येतो का वगैरे नियम त्या वर्षीच्या वेबसाईटवरच बघा, मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका. नकाशा फोनवर आधीच उतरवून ठेवा, डोंगराच्या कुशीत सिग्नल दगा देतो. आणि मैदानात शिरल्या शिरल्या हरवल्यास भेटायची जागा ठरवा. आम्ही वाफेची इंजिनं ठरवतो, कारण ती लांबूनही ऐकू येतात.

अंगावर काय, पिशवीत काय

सकाळी हुडहुडी भरते आणि दुपारी उन्हात जॅकेट काखेत येतं, म्हणून कपड्यांचे थर घाला. पायात बंद बूट. गवत दवाने ओलं असतं आणि बागेत पडक्या सफरचंदांचा चिखल असतो. नवे पांढरे स्नीकर्स घरी ठेवा. पायभर पँट आणि मोजे यासाठीही की पेनसिल्व्हेनियात टिक, म्हणजे गोचिडी, आणि त्यांच्यापासून होणारा लाइम रोग चांगलाच आहे. घरी आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या मुळाशी एकदा बघायचंच.

सुटे पैसे, ओले टिश्यू, सॅनिटायझर, पाणी. आणि दोन रिकामी खोकी डिकीत. ही खोकी कशासाठी ते पुढे येईल.

जत्रेत शिरल्यावर

आधी एक पूर्ण फेरी मारा, काही विकत न घेता. मला माहीत आहे, पहिल्याच स्टॉलवर गरम डोनटचा वास येतो आणि हा सल्ला तिथेच मोडतो. निदान अर्धी फेरी मारा.

मग ॲपल बटर शिजतंय तिथे जाऊन उभं राहा. नावात बटर असलं तरी त्यात लोणी नसतं. सफरचंदाचा रस मोठ्या तांब्याच्या काहिलीत उकळायचा, त्यात सोललेल्या सफरचंदांच्या फोडी टाकायच्या आणि लाकडाच्या जाळावर तासन् तास आटवायचं, शेवटी दालचिनी-लवंग. इथे अडीच-तीनशे वर्षांपूर्वी येऊन राहिलेल्या जर्मन शेतकऱ्यांची ही पद्धत. त्यांना ‘पेनसिल्व्हेनिया डच’ म्हणतात, हॉलंडशी त्यांचा संबंध नाही, इथला ‘डच’ हा ‘डॉइच’, म्हणजे जर्मन, या शब्दाचा भाऊबंद आहे. ढवळायचा लाकडी दांडा माणसापेक्षा लांब आणि टोकाला काटकोनात फळी, म्हणजे जाळापासून दूर उभं राहून ढवळता येतं. हात एक क्षण थांबवायचा नाही, नाहीतर खाली लागतं.

आमच्यातला कोल्हापूरकर मित्र हे बघून पाच मिनिटं गप्प उभा राहिला. मग म्हणाला, “अरे, हे तर गुऱ्हाळ आहे.” तीच काहील, तोच धूर, तसाच गोड वास आणि काठाशी हात चोळत उभी असलेली तशीच पोरं. ढवळणाऱ्या बाईंना आम्ही विचारलं, झालं हे कळतं कसं? त्यांनी चमचाभर काढून बशीत टाकलं आणि बशी तिरकी केली. गोळ्याभोवती पाण्याचं पातळ कडं सुटलं. “अजून नाही,” म्हणाल्या. कडं सुटायचं बंद झालं की उतरवायचं. काहिलीतल्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघणाऱ्या गुळव्याला हे लगेच पटलं असतं. बाटली जरूर घ्या, पोळीबरोबर गुळांब्यासारखं लागतं.

आता शाकाहारी मंडळींसाठी, कारण सगळ्यात जास्त प्रश्न याच बाबतीत येतात. जत्रेतलं जेवण म्हणजे मुख्यतः बीफ, सॉसेज, चिकन-कॉर्न सूप. फ्राईज ज्या तेलात तळतात त्यातच आणखी काय तळलंय ते विचारा. डोनट, पॅनकेक, फनेल केक यांत अंडं असतंच असं समजून चाला. खरी मेख ‘ॲपल पाय’मध्ये, म्हणजे पारीत सफरचंदाचं सारण भरून भाजलेल्या पदार्थात, आहे: जुन्या पद्धतीच्या पायच्या पारीत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, घालतात. पारी तिच्यामुळेच खुसखुशीत होते. विकणाऱ्या बाईंना सरळ विचारा, त्यांना राग येत नाही, आमच्या पायला बटर आहे की लार्ड हे त्या अभिमानाने सांगतात. ॲपल सॉस, भाजलेलं कणीस, कॅरॅमल लावलेलं सफरचंद, रस यांवर शाकाहाऱ्याचं व्यवस्थित भागतं. आणि ज्यांचे नवरात्राचे उपास असतात ते लोक या जत्रेत सगळ्यांत मजेत असतात. आमची एक मैत्रीण नऊ दिवसांच्या उपासात आली होती, तिने दिवसभर फक्त सफरचंदं खाल्ली आणि आमच्यापैकी तिचंच पोट बिघडलं नाही.

सायडर हा शब्द इथे जपून समजून घ्या. अमेरिकेत नुसतं ‘सायडर’ म्हणजे न गाळलेला, गढूळ तपकिरी, ताजा रस. त्यात दारू नसते, मुलांना देतात. ‘हार्ड सायडर’ म्हणजे आंबवलेला, त्यात दारू असते. इंग्लंडहून आलेल्या आमच्या एका मित्राने बायकोला सकाळी दहा वाजता सायडर पिताना बघून डोळे विस्फारले होते, कारण तिकडे सायडर म्हणजे दारूच. बाटलीवर पाश्चराइज्ड, म्हणजे जंतू मारण्यासाठी तापवलेला, असं लिहिलंय का ते बघा. नसेल तर तशी सूचना लेबलवर असते, आणि मग ते गरोदर बाई, लहान मुलं आणि सासू-सासऱ्यांना देऊ नका.

पेल्यावर झाकण ठेवा. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या गांधीलमाश्यांना ऑक्टोबरात गोडाशिवाय काही सुचत नाही, त्या थेट पेल्यात उतरतात. हाताने वारू नका, पेला बाजूला ठेवून दोन पावलं सरका.

चव घेण्याचं काम

हे काम समजून करा, गप्पांच्या नादात उरकू नका. सफरचंदं विकणाऱ्या स्टॉलवर वेगवेगळ्या जातींची एकेक सुटी घ्या, खिशातली सुरी काढू नका, त्यांच्याकडूनच फोडी करून मागा. गटात सहा जण असाल तर सहा जाती होतात आणि प्रत्येकाला प्रत्येकाची फोड मिळते. कागदावर नावं लिहा. दहाव्या फोडीनंतर सगळं सारखंच लागायला लागतं.

माझं मत, पटलं तर घ्या. नुसतं खायला हनीक्रिस्प, ते मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये बाजारात आणलं, दाताखाली कडाडतं आणि रस हनुवटीवर येतो, पण पैसे घेतं. तेवढ्याच आनंदाचं आणि स्वस्त म्हणजे जोनागोल्ड, आंबटगोड. शिऱ्याला गोल्डन डिलिशस. पायला स्टेमन किंवा ग्रॅनी स्मिथ. आणि ग्रॅनी स्मिथ ही आमची परदेशातली कैरी: फोडी करून त्यावर कैरीच्या लोणच्याचा मसाला आणि मोहरीची फोडणी. आठवडाभर टिकतं, टिकू दिलं तर. यॉर्क इम्पीरियल दिसलं तर हातात घेऊन बघा, शेजारच्याच यॉर्क काउंटीतलं हे जुनं फळ एका बाजूला कललेलं असतं, कुणीतरी दाबल्यासारखं.

रेड डिलिशसला इथले लोक नाकं मुरडतात. बाहेरून देखणं, आत पिठूळ, असा त्याचा लौकिक. पण आपण वाशीच्या मार्केटातून आणून लहानपणी जे ‘सिमल्याचं सफरचंद’ खाल्लं, त्यातलं कितीतरी हेच. आणि ते हिमाचलात नेलं याच पेनसिल्व्हेनियातल्या माणसाने. फिलाडेल्फियाच्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) घराण्यातले सॅम्युएल स्टोक्स १९०४ मध्ये भारतात आले, सिमल्याजवळ कोटगढला राहिले, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि १९१६ मध्ये अमेरिकेतून रेड डिलिशसची रोपं मागवून लावली. पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेले, हिंदू होऊन सत्यानंद झाले. हे कळल्यापासून मी रेड डिलिशसचं एक तरी विकत घेते. चवीला अजूनही पिठूळच लागतं.

मुलं जत्रेत जॉनी ॲपलसीडची गोष्ट ऐकून येतात: अनवाणी फिरत बिया पेरणारा बाबा. माणूस खरा होता, जॉन चॅपमन, जन्म १७७४. पण घरी बी पेरायची घाई करू देऊ नका. आंब्याचं आहे तेच इथे: कोयीतून उगवला तो रायवळ, हापूस हवा तर कलम. सफरचंदाच्या बीतून कसलं झाड निघेल सांगता येत नाही, आणि चॅपमनच्या झाडांची फळं बहुतेक हार्ड सायडरच्याच लायकीची असत. जगातलं प्रत्येक हनीक्रिस्प हे शेवटी त्या एका पहिल्या झाडाचंच कलम आहे.

बागेत

पहिला धक्का झाडांचा बसतो. चित्रातलं गोल घेराचं झाड कमीच दिसतं. नव्या बागांत बुटक्या खुंटावर बांधलेली कलमं नाशिकच्या द्राक्षांसारखी तारांवर ओळीने उभी असतात, आणि आठ वर्षांच्या मुलाचा हातही फळापर्यंत पोचतो. शिडीची गरज नाही (आमची आता घरी असते). झाडावर चढायचं तर नाहीच.

तोडायचं कसं: फळ तळहातात धरा, मुठीत आवळू नका. वर उचला आणि हलकेच पिळा. पिकलेलं फळ देठासकट सुटून हातात येतं. खसकन ओढलंत तर फांदीचं छोटं बोटभर टोक तुटून येतं, आणि पुढच्या वर्षीची कळी त्यावरच असते. शेतकऱ्याचा जीव त्या टोकात असतो. दोनदा पिळूनही सुटत नसेल तर ते फळ अजून कच्चं आहे, सोडून द्या. फांदी हलवू नका, एकासाठी सहा पडतात.

लाल रंगावर भुलू नका. लाली उन्हाने येते. पिकलंय का ते लालीच्या मधल्या जागेत, देठाजवळ दिसतं: तिथला हिरवा रंग पिवळसर झाला असेल तर तयार. उन्हाच्या बाजूची, बाहेरच्या फांद्यांवरची आधी पिकतात. शंका असेल तर एक कापा, बिया तपकिरी हव्यात.

बागेत खाऊन बघू देतात का, ते विचारा. काही बागा एखादं चालवून घेतात, काही नाही. अर्धं खाऊन फेकणं, एकमेकांना सफरचंदं मारणं, हे आपल्या गटात होऊ देऊ नका. मोठ्या देशी गटांकडे बागवाले थोडे धास्तीने बघतात आणि त्याला कारणं आपणच दिली आहेत. डब्यातली पुरी-भाजीही बाहेर पार्किंगमध्येच खा, बागेत बाहेरचं चालतं असं फलकावर लिहिलेलं नसेल तर. जमिनीवर पडलेलं उचलून खाऊ नका, रात्री हरणं तिथेच फिरतात.

पलीकडच्या ओळीत विक्रीसाठीची तोडणी चालू असेल तर लांबून बघा. पोटावर बांधलेली बादली, दोन्ही हात एकदम चालतात, बादली भरली की लाकडी पेटाऱ्यात वाकून तळाचं कापड सोडायचं आणि फळं अलगद उतरतात, आपटत नाहीत. हे कामगार बरेचसे मेक्सिकोहून आलेले. आमच्या पिशवीत दहा फळं पडेपर्यंत त्यांची बादली झालेली असते. ऊसतोड पाहिलेल्या माणसाला तो वेग ओळखीचा वाटेल.

किती घ्यायची

इथे बहुतेक सगळे फसतात. बागेत किलो नसतो, पेक आणि बुशेल असतात. ही आपल्या पायलीसारखी आकारमानाची मापं. पेक म्हणजे साधारण १० ते १२ पौंड, तीस-पस्तीस सफरचंदं. चार पेकचा एक बुशेल, साधारण ४२ पौंड, म्हणजे १९ किलो, मध्यम आकाराची सव्वाशे फळं. पिशवी किंवा टोपलीच्या हिशेबाने पैसे असतात, आणि बुशेल दर पौंडामागे नेहमीच स्वस्त पडतो. पहिल्या वर्षी मी त्या स्वस्ताईला भुलले. दोन माणसांच्या घरात सव्वाशे सफरचंदं आली. दिवाळीला फराळाच्या प्रत्येक डब्यावर दोन सफरचंदं ठेवून मी ती संपवली.

चार माणसांच्या घराला अर्धा बुशेल पुरे, दोघांना एक पेक. गटाने मिळून एक बुशेल घेऊन पार्किंगमध्ये वाटून घेतला तर सगळ्यांचंच भागतं. पिशव्या भरताना दाबू नका, शिगेच्या वर चळत रचू नका, वरची खाली घसरून डागाळतात.

आता ती खोकी काढा. पिशवीतली सफरचंदं गाडीच्या प्रत्येक वळणावर एकमेकांवर आपटतात, खोक्यात टॉवेल घालून लावली तर डाग पडत नाहीत. सायडरची बाटली डिकीत उन्हात ठेवू नका. एकदा आम्ही गॅलनभर सायडर डिकीत विसरलो, तिसऱ्या दिवशी झाकण टम्म फुगलेलं आणि उघडल्यावर सगळ्या गॅरेजला बिअरचा वास.

घरी आल्यावर

धुऊन ठेवू नका. सालीवर फळाचा स्वतःचा मेणासारखा पातळ थर असतो, तो राहू द्या, खायच्या वेळी धुवा. सगळी एकदा हाताळून बघा. डाग पडलेली, देठ निघालेली, अळी शिरलेली वेगळी काढा. ती पहिल्या दोन दिवसांत शिरा, कोशिंबीर, साखरांबा, लोणचं यात संपवा. चांगली तेवढी वर्तमानपत्रात गुंडाळून गार जागी ठेवा. फ्रिजचा खालचा कप्पा उत्तम. नोव्हेंबरपासून गॅरेजही चालतं, पण फळ गोठता कामा नये.

गाजरं, पालेभाजी यांच्या शेजारी ठेवू नका. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो, त्याने गाजर कडू होतं, भाजी पिवळी पडते. कच्चं केळं पिकवायचं असेल तर मात्र एक सफरचंद त्याच्या पिशवीत टाका.

टिकण्याचं गणित जातीवर आहे. लवकर येणारी गाला आधी खा. फुजी, ग्रॅनी स्मिथ, स्टेमन नीट गार ठेवली तर संक्रांतीपर्यंत जातात. आठवड्यातून एकदा खोकं उलटंपालटं करून नासकं काढायचं, बाकीच्यांना लागायच्या आत. आणि खोक्यावर जातीचं नाव व तारीख मार्करने त्याच रात्री लिहा. सकाळी सगळी लाल फळं सारखी दिसतात आणि शिऱ्यात ग्रॅनी स्मिथ गेलेलं तोंडात घातल्यावरच कळतं.